कादंबरी तोलून पाहणाऱ्या कुसुमावतीबाई

थोर स्त्रियांची चरित्रे आपल्या मंडळात दरवर्षी कोणी ना कोणी सांगतेच. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची नावे आपल्या मुलींनाही तोंडपाठ झाली आहेत. या स्मरणिकेत मी ज्या बाईंविषयी लिहीत आहे त्यांनी राज्य चालविले नाही, शाळा काढली नाही. त्यांनी कादंबऱ्या वाचल्या, त्या तोलून पाहिल्या, आणि कोणत्या कादंबरीत दाणा किती व फोलपट किती हे लोकांना समजावून सांगितले. हे काम चरित्र लिहिण्याएवढे मोठे कसे, असे काही भगिनींना वाटेल. आपल्या वाचनवर्गात गेली तीन वर्षे जे वाद होतात ते ज्यांनी ऐकले आहेत त्यांना मात्र तसे वाटणार नाही.

या बाई म्हणजे कै. कुसुमावती देशपांडे. त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी वऱ्हाडात अमरावतीस झाला. माहेरचे आडनाव जयवंत. त्या काळी मुलीने चार बुके शिकणे हेच पुष्कळ समजत. कुसुमावतीबाई मात्र शिक्षणासाठी पुण्यास आल्या आणि फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाल्या. तेथेच त्यांची ओळख आत्माराम रावजी देशपांडे यांच्याशी झाली. हेच पुढे कवी अनिल या नावाने प्रसिद्ध झाले. १९२२ सालापासून या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. लग्न झाले ते १९२९ साली. मधली सात वर्षे म्हणजे पत्रे, अभ्यास आणि वाट पाहणे. सात वर्षे एका माणसाला पत्रे लिहायची म्हणजे मनातले शब्दात उतरविण्याची केवढी तालीम झाली असेल! पुढे त्यांच्या लेखणीला जो नेमकेपणा आला त्याचे थोडे श्रेय मी त्या पत्रांना देते. इंग्रजीच्या अभ्यासाला द्यायचे ते विद्वानांनी द्यावे.

पुण्याहून त्या नागपूरला शिकल्या, आणि तेथून थेट लंडनला गेल्या. लंडनचे वेस्टफील्ड कॉलेज हे त्या काळी केवळ स्त्रियांचे कॉलेज होते. तेथे त्यांनी इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. बोटीने समुद्र ओलांडून एक वऱ्हाडची मुलगी एकटी परक्या देशात जाते, ही गोष्ट आज विमानाच्या दिवसांत साधी वाटेल. तेव्हा ती साधी नव्हती. परत आल्यावर लग्न झाले, आणि १९३१ पासून त्या नागपूरला कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवू लागल्या. मुलांच्या वर्गासमोर उभे राहून परकी भाषा शिकविणाऱ्या बाई त्या वेळी आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

शिकविता शिकविता त्या लिहितही होत्या. ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ हे त्यांचे कथासंग्रह. या गोष्टींत मोठी कथानके नाहीत, योगायोग नाहीत. साधी माणसे आणि त्यांच्या आयुष्यातला एखादा क्षण, एवढेच. ‘मोळी’ हे नाव वाचले की मला तळोद्याच्या बाजाराचा रस्ता आठवतो. माझे माहेर तिकडचे. सातपुड्यातून पहाटे निघालेल्या बाया डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेऊन ओळीने उतरत असत, आणि आम्ही पोरी दारात उभ्या राहून भाव करणाऱ्या आईकडे पाहत असू. त्या बायांच्या पायांकडे आम्ही कधी पाहिले नाही. मोळीवर पुस्तकाचे नाव बेतावे असे एका इंग्रजी शिकलेल्या बाईला वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. समीक्षा हा शब्द आपल्याला जड वाटतो. मी त्याचा अर्थ सुपावरून लावते. धान्य घरात आले की आपण ते तसेच दळायला नेत नाही. पाखडतो, निवडतो, खडा काढतो, किडका दाणा बाजूला करतो. कादंबरीचेही तसेच करायचे. कादंबरी वाचताना आपण रडतो, हसतो, रात्री दिवा लावून शेवटचे पान गाठतो. ते झाले वाचणे. नंतर थांबून विचारायचे, की मी रडले ती कशामुळे? लेखकाने खरे दुःख दाखविले म्हणून, की रडू यावे अशी तजवीज केली म्हणून? हे विचारणे म्हणजे समीक्षा. आणि हे विचारण्याची जी शिस्त असते, आधी काय पाहायचे, कशाशी काय ताडून पाहायचे, तिला विद्वान लोक सिद्धान्त म्हणतात.

मराठीत ही शिस्त एकदम आली नाही. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की कादंबरीविषयी मुळापासून विचार करणारा एक फार जुना मराठी निबंध इतिहासाचार्य राजवाडे यांचा आहे. १९०२ साली त्यांनी ‘कादंबरी’ याच नावाचा निबंध लिहिला. अद्भुत कादंबरी कोणती, वास्तव कादंबरी कोणती, आणि जगातील मोठ्या कादंबऱ्यांपुढे आपली मराठी कादंबरी कोठे उभी आहे, याचा त्यांनी विचार केला. हे राजवाडे १९२६ साली आपल्या धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास आहे. नंदुरबार १९९८ च्या जुलैपर्यंत धुळे जिल्ह्यातच होते, तेव्हा राजवाड्यांना आपले म्हणायला हरकत नाही. पण राजवाड्यांचे लिहिणे कडक. ते वाचताना शिक्षकाने छडी आपटल्यासारखे होते.

त्यानंतर तीस-चाळीस वर्षे मराठीत एक मोठा वाद चालला. ना. सी. फडके म्हणत की कलेचे काम आनंद देणे, तिच्यावर उपदेशाचे ओझे घालू नये. वि. स. खांडेकर म्हणत की कला ही जीवनासाठी आहे. दोघांच्याही कादंबऱ्या घरोघर वाचल्या जात. लोक दोन तट करून भांडत. त्याच सुमारास कोणी मार्क्सच्या विचाराने पुस्तके तपाशी, कोणी फ्रॉइडच्या मानसशास्त्राने. कुसुमावतीबाई या तटांपैकी कोणत्याच तटावर झेंडा घेऊन उभ्या राहिल्या नाहीत. कादंबरी जीवनातून येते आणि जीवनाकडे पाहते, म्हणून ती ज्या काळात, ज्या समाजात जन्मली तो समाज आधी समजून घ्यायचा; पण ती कादंबरी आहे, व्याख्यान नव्हे, म्हणून तिची घडणही पाहायची, अशी त्यांची वाट होती. निदान मला त्यांचे पुस्तक वाचून उमगली ती अशी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा शब्द माझे आहेत.

हे पुस्तक म्हणजे ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’. त्याचा पहिला भाग १९५३ साली आणि दुसरा १९५४ साली निघाला. १८५० ते १९५० अशा शंभर वर्षांतील मराठी कादंबरी त्यात तपासली आहे. शंभर वर्षांच्या कादंबऱ्या! बऱ्या, वाईट, विसरलेल्या, वाळवी लागलेल्या, सगळ्या वाचायच्या. एकेका कादंबरीपुढे बसून तिला तिच्या काळात ठेवायचे, मग तिचा न्याय करायचा. कॉलेजातली नोकरी आणि घरसंसार सांभाळून एका बाईने हे काम उरकले. उरकले हा शब्द बरोबर नाही, नीट केले. मी हे दोन्ही भाग एका हिवाळ्यात वाचले. मिरचीचा हंगाम होता, पथारीवर मिरच्या वाळत होत्या, घरात ठसका भरलेला, आणि मी एकेक पान तीनतीनदा वाचत होते.

त्यांच्या दुसऱ्या एका समीक्षेच्या पुस्तकाचे नाव ‘पासंग’. ज्यांनी जुना तराजू पाहिला आहे त्यांना पासंग ठाऊक आहे. तराजूचे एक पारडे मुळातच हलके असले तर तोलण्याआधी त्यात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा टाकून दोन्ही पारडी सारखी करतात, तो पासंग. बाईंनी हे नाव कदाचित विनयाने ठेवले असेल, आपले लेखन म्हणजे मोठ्या वजनापुढे एक खडा, अशा अर्थाने. मी त्यातून दुसराही अर्थ घेतला आहे. कादंबरी तोलण्याआधी आपला तराजू सरळ आहे का ते पाहावे. आपण सून असलो की सासूच्या बाजूचे लिहिलेले पटत नाही, आणि सासू झालो की सुनेच्या बाजूचे. हा आपला कल झाला. आधी तो ओळखून पासंग टाकावा, मग माप घ्यावे.

वाचनवर्गात आम्ही पहिली कादंबरी घेतली ती हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यातून ही कादंबरी क्रमाने आली. यमू नावाच्या मुलीने आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगितली आहे. लहानपण, लग्न, मुंबईतले नवऱ्याबरोबरचे सुखाचे थोडे दिवस, त्याने तिला लिहावाचावयास लावणे, मग त्याचा मृत्यू, आणि शेवटी सासरच्या माणसांनी जबरीने केलेले तिचे केशवपन. आमच्या वर्गातल्या बाया त्या प्रकरणाशी आल्या तेव्हा वाचणारीला पुढे वाचवेना. पुस्तक दुसरीच्या हातात दिले, तिलाही वाचवेना.

एरव्ही आम्ही डोळे पुसून पुस्तक कपाटात ठेवले असते. पण कुसुमावतीबाईंचे पुस्तक वाचले होते म्हणून मी प्रश्न टाकला, की ही गोष्ट बाई सांगते आहे, पण लिहिली पुरुषाने. मग यमूच्या मनातले हरिभाऊंना कसे कळले? यावर दीड तास वाद झाला. एकीचे म्हणणे पडले की लेखक चांगला असेल तर त्याला सगळे कळते. दुसरीचे म्हणणे की यमू नवऱ्याविषयी फारच गोड बोलते, कोणती बाई मनातल्या मनातसुद्धा इतके गोड बोलते? तिसरीने, जी कधी बोलत नाही, तिने असे काढले की त्या काळी बाईला लिहूच देत नव्हते, तेव्हा तिच्या वतीने कोणीतरी लिहिले हेच खूप झाले. तिघींचे खरे होते. कादंबरी तिच्या काळात ठेवून पाहिली की असे होते. रागही येतो आणि लेखकाविषयी आदरही वाढतो.

आणि मग आमच्या वर्गातल्या एका वयस्क मावशींनी जे विचारले त्याने मी रात्रभर जागी राहिले. त्यांचे म्हणणे असे, की आमच्यात तर पाट लावायची चाल होती. नवरा मेला तर बाई दुसरे घर करीत असे, केस कोणी काढत नसे. मग ही यमू सगळ्या बायांचे दुःख सांगते असे पुस्तकावरच्या माहितीत का छापले आहे? केशवपनाची चाल मुख्यतः ब्राह्मण घरांतली, ही गोष्ट खरी आहे. आणि पाट लावणाऱ्या जाती महाराष्ट्रात पुष्कळ होत्या, हेही खरे आहे. यमूचे दुःख त्यामुळे लहान होत नाही. पण मराठी कादंबरीतली बाई म्हणजे कोणती बाई, हा प्रश्न उभा राहतोच. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. तीही विधवांच्या दुःखावरच आहे. यमुना प्रवासात एकेका विधवेची हकीकत ऐकते. म्हणजे मराठी कादंबरीने डोळे उघडले तेच विधवेच्या दुःखावर. ही मोठी गोष्ट आहे. तरी मावशींचा प्रश्न तसाच राहतो.

पुढे बायांनी स्वतः लेखणी घेतली. विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी लिहिलेली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ साली आली. नवऱ्याने टाकलेली शिकलेली बाई आपले आयुष्य पुन्हा कसे मांडते, हा तिचा विषय. त्या काळी टोपणनाव घेतल्याखेरीज असे लिहिणे कठीण होते. तिच्यावर आमच्या वर्गात फार वाद झाला नाही, कारण निम्म्याजणींनी ती घरी न्यायचेच टाळले! त्यांना मी दोष देत नाही. एका भगिनीच्या घरी तर कादंबरी हातात दिसली की स्वयंपाकात मीठ कमी पडण्यापासून मुलाचे गुण कमी होण्यापर्यंत सगळे खापर कादंबरीवर फुटते.

याच विभावरीबाईंची ‘बळी’ १९५० सालची, म्हणजे कुसुमावतीबाईंच्या शतकाच्या अगदी शेवटच्या काठावरची. इंग्रज सरकारने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले अशा जमातीच्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतल्या लोकांची ती गोष्ट आहे. मालतीबाईंनी सोलापूरच्या अशा वसाहतीत स्वतः काम केले होते. शंभर वर्षे चालत चालत मराठी कादंबरी माजघरातून निघून कुंपणाच्या तारेपर्यंत पोचली, असे मला हा सगळा क्रम पाहून वाटले. धडगावकडची जी भगिनी आपल्या मंडळात आहे, तिने यावर विचारले की सातपुड्यातली पावरा बाई, भिल्ल बाई यात कोठे आहे. मी शंभर वर्षांच्या यादीत शोधले. मला सापडली नाही. बाईंच्या पुस्तकाचा हा दोष नव्हे. जे लिहिलेच गेले नाही ते त्या कसे तोलणार? पण तराजू त्यांनी हातात दिला म्हणून कोणते पारडे रिकामे आहे ते आम्हाला दिसले.

म्हणून माझे कार्यकारिणीला स्पष्ट सांगणे आहे. सोमवारची वाचनवर्गाची वेळ शिवणवर्गाला द्यावी असा ठराव या वर्षी आला आहे. शिवणाने चार पैसे मिळतात, त्याची मला किंमत आहे. मी स्वतः त्या वर्गात पोलकी बेतायला शिकले. पण सोमवारी ज्या बाया बोलल्या त्या आयुष्यात दुसरीकडे कोठे बोलल्या नव्हत्या. मावशींनी हरिभाऊंना प्रश्न विचारला, ही गोष्ट शिवणवर्गात झाली नसती. शिवणाला बुधवार द्यावा.

कुसुमावतीबाईंच्या चरित्रातला उरलेला भाग थोडा आहे. नागपूर सुटल्यावर दिल्लीस त्यांनी आकाशवाणीवर स्त्रियांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांचे काम पाहिले. कॉलेजातल्या वर्गाऐवजी आता त्यांच्यापुढे रेडिओ ऐकणाऱ्या घरोघरच्या बाया होत्या. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल झाले. आणि तीन वर्षांनी, १९६१ साली, ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्षा कुसुमावतीबाई झाल्या. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यास भरले. तेव्हापासून त्र्याऐंशी वर्षे त्या खुर्चीवर एकही बाई बसली नव्हती. पतिपत्नी दोघेही या मानाच्या जागी बसले, म्हणून लोक त्यांचे कौतुक जोडीने करतात. मला ते थोडे खटकते. अनिलांची कविता मोठी आहे, पण शतकभराच्या कादंबऱ्या बाईंनी एकटीने वाचल्या.

त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ रोजी, त्या वारल्या. नुकतीच सत्तावन्न वर्षे पुरी झाली होती. मराठी साहित्याचा इतिहास इंग्रजीत लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, ते अपुरे राहिले. प्राध्यापक मं. वि. राजाध्यक्ष यांनी ते पुरे केले आणि साहित्य अकादमीने १९८८ साली दोघांच्या नावाने छापले. अनिलांनी ती तरुणपणची पत्रे १९७२ साली ‘कुसुमानिल’ नावाने प्रसिद्ध केली. लोकांनी ती फार वाचली. समीक्षा लिहिणाऱ्या बाईला लोक आज बहुधा तिच्या प्रेमपत्रांवरून ओळखतात, याची मला गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बाई बसली ती १९७५ साली कऱ्हाडला, दुर्गा भागवत. मग १९९६ मध्ये आळंदीला शांता शेळके, २००१ मध्ये इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे, आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. म्हणजे १९६१ पासून २०२५ पर्यंत एकंदर सहा.

येत्या पावसाळ्यात वाचनवर्गात ‘बळी’ घ्यायची असे ठरले आहे. प्रत एकच आहे, तेव्हा मोठ्याने वाचावी लागेल. वाचण्याचे काम धडगावच्या भगिनीने आपणहून मागून घेतले आहे.